अन्नाचा हिशेब मांडणारे डॉ. सुखात्मे

वजन उतरविण्याच्या हेतूने ताटातील पोळीभाताचे उष्मांक मोजून जेवणारी मंडळी अलीकडे आमच्या नाशकातही घरोघर आढळतात. परंतु मनुष्यास उष्मांक लागतात तरी किती, या प्रश्नाचा आयुष्यभर विचार करणारे एक थोर संख्याशास्त्रज्ञ आपल्याच सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मले, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. त्या डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

त्यांचा जन्म १९११ सालचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेऊन ते लंडनास गेले व १९३६ साली संख्याशास्त्रात डॉक्टर झाले. १९४० पासून ते दिल्लीस केंद्रीय शेतकी संशोधन परिषदेत होते. त्या काळी पिकाचा अंदाज गावोगाव नजरेने होई; भरघोस पीक म्हणजे सोळा आणे! सुखात्मे यांनी जणू चिठ्ठ्या टाकून शेते निवडली, त्यांतील लहानसा तुकडा कापविला आणि धान्य तराजूत घातले. ही पद्धत देशभर रूढ करण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

१९५१ ते १९७० पर्यंत रोम येथील जागतिक अन्न व शेती संघटनेत ते संख्याशास्त्र विभागाचे संचालक होते. जगातील दोनतृतीयांश लोक उपाशी, अशी तेव्हा समजूत होती. सुखात्मे यांनी १९६१ साली हिशेब मांडून दाखविले की, पोटास पुरेसे न मिळणारे शेकडा दहा ते पंधरा आहेत. पुढे त्यांनी असेही दाखविले की, आपल्याकडील गरिबास उणीव आहे ती मुख्यतः पोटभर अन्नाची; भाकरी-डाळ पुरेशी मिळाली तर प्रथिनेही बहुधा त्यांतूनच मिळतात.

खरा वाद पेटला तो ते पुण्यास परतल्यावर. प्रा. वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ साली माणशी रोज २२५० उष्मांक ज्या खर्चात मिळतात, ती दारिद्र्याची रेषा मानली होती. सुखात्मे म्हणत की, सरासरी ही रेषा नव्हे. समान वयाच्या, समान वजनाच्या व सारखेच काम करणाऱ्या दोघांची गरज सारखी नसते. एवढेच काय, एकाच मनुष्याची गरजही आठवड्यागणिक बदलते, तरी त्याचे वजन ढळत नाही. सरासरीखालील प्रत्येकास उपाशी मोजले, तर तृप्त गावातही निम्मे लोक उपाशी ठरतील!

युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंतु रेषा खाली ओढली की कोट्यवधी भुकेले एका फटक्यात कागदावरून नाहीसे होतात. दांडेकरांनी हाच आक्षेप घेतला. अल्प अन्नावर वजन टिकविणारे शरीर काम कमी करीत असेल, मुलांची वाढ खुंटत असेल, हेही टीकाकारांनी पुढे आणले. आमच्या मते येथे टीकाकारांचे पारडे जड आहे. मात्र कोष्टकातील आकडा हा समुदायाचा असतो, एका व्यक्तीचा नव्हे, हा सुखात्मे यांचा मुद्दा अढळ आहे. आणि कोष्टक पाहून वाढत्या वयातील मुलामुलींचे जेवण तोडणाऱ्या पालकांनी तो अवश्य ध्यानी घ्यावा.

१९७१ साली त्यांस पद्मभूषण मिळाले. २८ जानेवारी १९९७ रोजी ते निवर्तले. जगात उपाशी किती, याचा जो आकडा रोमची संघटना दरवर्षी प्रसिद्ध करते, तो त्यांनी १९६१ साली घालून दिलेल्या पद्धतीच्या पायावरच अजून काढला जातो.