डॉ. आंबेडकर आणि कामगाराचा लेखी हक्क

१९५४ च्या मे महिन्यात भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. आजचा गोंदिया जिल्हा त्या वेळी भंडारा जिल्ह्यातच होता. तो वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. तेंदूपत्ता आणि बिडी यांवर ज्या मुलुखातील असंख्य घरांची चूल पेटत असे, तेथील मतदारांपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर उमेदवार म्हणून उभे होते. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले आणि बाबासाहेबांचा पराभव झाला. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून त्यांचे नाव सर्वतोमुखी आहे. परंतु कामगारांचे हक्क कायद्यात बसविणारे मुत्सद्दी, ही त्यांची ओळख मात्र आजही उपेक्षितच राहिली आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या आंबेडकरांनी न्यूयॉर्क व लंडन येथे अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले. पण कामगारांचे जिणे त्यांना ग्रंथांतून कळले नव्हते. परळच्या चाळीत, गिरणी कामगारांच्या शेजारात त्यांनी कितीतरी वर्षे काढली. गिरण्यांच्या ज्या विणखात्यात मजुरी अधिक मिळे, त्याच खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि त्यामुळे विटाळ होतो, हे त्याचे कारण. मालकाकडे न्याय मागणाऱ्यांनी आपल्या रांगेतील अन्यायही दूर केला पाहिजे, असा आग्रह त्यांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात धरला. पुढे १९३८ मध्ये मनमाड येथील रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे बजावले.

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. दोनच वर्षांनी मुंबई सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. समेटाची ठरावीक प्रक्रिया पुरी होण्यापूर्वी केलेला संप त्यात दंडनीय ठरविला होता. विधिमंडळात आंबेडकरांनी मांडलेला युक्तिवाद निष्णात कायदेपंडिताचा होता. नोकरी हा करार आहे. तो मोडल्यास मालकाने दिवाणी न्यायालयात जावे. परंतु काम नाकारणाऱ्यास तुरुंगाचे भय दाखवून कामावर आणणे हे दास्य होय आणि संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्याच हक्काचे दुसरे नाव आहे. ज्या कम्युनिस्टांशी त्यांचे तीव्र मतभेद होते, त्यांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप घडवून आणला. विधेयक संमत झाले, परंतु प्रश्न मिटला नाही.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. काल विरोधात बसलेल्या माणसाच्या हाती आता कायदा घडविण्याचे साधन आले. पुढील चार वर्षांत कारखान्यातील कामगाराला भरपगारी रजेचा हक्क मिळाला. बारमाही कारखान्यांत आठवड्याचे चोपन्न तास कमी होऊन अठ्ठेचाळीसवर आले. तंट्यात समेट घडविण्यासाठी व कायद्यांच्या अंमलबजावणीसाठी १९४५ मध्ये केंद्रीय यंत्रणा उभी राहिली. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याने तर कामगाराच्या हाती कागद दिला. कामाचे तास, रजा, गैरवर्तन, बडतर्फी यांविषयीचे नियम लेखी असावेत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत ते लावले जावेत, असा दंडक झाला. मालकाची मर्जी आणि कामगाराचा हक्क यांतील अंतर त्या कागदाएवढेच असते. कामगार संघटनांना मान्यता देणे मालकांवर बंधनकारक व्हावे, यासाठीही त्यांनी विधेयक आणले. त्यांच्यानंतर १९४७ मध्ये तो कायदा संमत झाला, पण कधीच अमलात आला नाही.

कारखान्याच्या फाटकाबाहेरचा कामगार या कागदापासून दूरच होता. बिडी धंद्यात मालक आणि मजूर यांच्यामध्ये ठेकेदार उभा. घरी पान, तंबाखू व दोरा आणून बिड्या वळणाऱ्या बाईला आपला मालक कोण, हेच सिद्ध करता येत नसे. बिड्या खराब म्हणून बाजूला काढल्या, तर दाद कोणाकडे मागावयाची? आंबेडकरांच्या खात्याने १९४४ मध्ये नेमलेल्या रेगे समितीने इतर उद्योगांबरोबर बिडी धंद्याचीही चौकशी केली. एप्रिल १९४६ मध्ये त्यांनी मांडलेल्या किमान वेतन विधेयकाचा १९४८ मध्ये कायदा झाला आणि त्याच्या परिशिष्टात बिडी धंदा आला. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे निधन झाले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६६ मध्ये, बिडी कामगारांचा स्वतंत्र कायदा आला. घरी काम करणाराही कामगारच, हे त्याने मान्य केले. बाजूला काढलेल्या बिड्यांचा तंटा सोडविण्याची तरतूद केली आणि सहा महिने काम केलेल्यास सबळ कारण व महिन्याची नोटीस अथवा तिच्याऐवजी वेतन दिल्यावाचून काढण्यास बंदी घातली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हे जुने कायदे चार संहितांत विलीन झाले. प्रत्येक कामगारास नेमणूकपत्र देण्याची त्यांतील सक्ती स्वागतार्ह आहे. परंतु स्थायी आदेशांसाठी केंद्रीय कायद्यातील शंभर कामगारांची मर्यादा तीनशेवर गेली आहे. आणि पूर्वी केवळ लोकोपयोगी सेवांना असलेले संपाच्या पूर्वसूचनेचे बंधन आता सर्वच उद्योगांना लागू आहे. १९३८ चा वाद पुन्हा दारात येऊन उभा राहिला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

शिक्षक व कारकून यांना नेमणूकपत्राचे मोल ठाऊक आहे. नोकरीचा तंटा न्यायालयात गेला की पहिल्यांदा तेच मागितले जाते. गोंदियाच्या खेड्यात बिड्या वळणाऱ्या बाईच्या हातीही तो कागद पडतो की नाही, यावरच नव्या संहितांची परीक्षा व्हावयास हवी. बाबासाहेबांची जयंती साजरी करणाऱ्या शासनाने आणि समाजाने ती परीक्षा टाळता कामा नये.