आसीरगडचं सोनं आणि धुळ्यातले कागद

मार्च 2025 मधली ती रील्स आठवतात? रावेरच्या पलीकडे, मध्य प्रदेशच्या हद्दीत, बुऱ्हाणपूरजवळच्या आसीरगड परिसरात लोक रात्री टॉर्च आणि कुदळी घेऊन शेतं खणत होते. महामार्गाच्या कामात निघालेल्या मातीत मोगलांची नाणी सापडल्याची अफवा होती आणि त्यात नुकताच ‘छावा’ येऊन गेला होता. बुऱ्हाणपूरचा खजिना पडद्यावर पाहिलेला, मग तो आपल्याच बांधाखाली असेल असं का वाटू नये?

तुम्ही हसलात असाल. पण ‘पानिपत’ बघून आपण ‘भो, भारी पिक्चर’ म्हणत थिएटरबाहेर पडलो, तेव्हा आपलंही थोडंफार तेच झालं होतं. सदाशिवरावभाऊ म्हटलं की अर्जुन कपूर आणि पार्वतीबाई म्हटलं की क्रिती सेनन, हे डोक्यात पक्कं बसलं. सुरुवातीचं डिस्क्लेमर कोण वाचतं? तेव्हा तर सीट शोधणं चालू असतं.

याच पानिपतसाठी एका माणसानं सव्वाशे वर्षांपूर्वी खणायला सुरुवात केली होती. तो सोन्यासाठी खणत नव्हता, रद्दीत जाणाऱ्या कागदांसाठी खणत होता. त्यानं शेवटचा श्वास घेतला तो आपल्या धुळ्यात. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. धुळ्यात राहत असाल तर राजवाडे संशोधन मंडळाची पाटी तुम्ही शंभरदा वाचली असेल. आत किती वेळा गेलात, ते विचारत नाही.

राजवाड्यांचा जन्म 1863 चा, पेणजवळच्या वरसईचा. (गंमत म्हणजे सिनेमातल्या त्या पार्वतीबाईंचं माहेरही पेणचंच, कोल्हटकरांचं.) वडील लहानपणीच गेले. पुढचं शिक्षण पुण्याकडे झालं आणि ते काही सरळ रेषेत झालं नाही. वर्गात बसण्यापेक्षा ग्रंथालयात बसणं त्यांना आवडायचं. हाती येईल ते वाचायचे. परीक्षा मागे पडत गेल्या आणि डिग्री मिळायला बरीच वर्षं लागली. आपल्या शाळा-कॉलेजांतल्या अनुभवांवर त्यांनी पुढे एक लेख लिहिला. त्यात शिक्षकांची अशी काही हजेरी घेतली आहे की आज कॉलेजच्या ग्रुपवर कुणी टाकला तर अॅडमिन लगेच डिलीट करेल.

मग काही काळ शिक्षकाची नोकरी केली, ती सोडली. 1894 मध्ये ‘भाषांतर’ नावाचं मासिक काढलं, जगातले मोठे ग्रंथ मराठीत आणायचे म्हणून. स्वतः प्लेटो मराठीत आणला. तीनेक वर्षांत तेही थांबलं. पत्नी तरुणपणीच वारली होती. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. सिनेमावाल्यांना इथे एक दर्दभरं गाणं नक्की सुचलं असतं.

आणि मग वाईत कागद सापडले. एका वाड्यात मोडी लिपीतली जुनी पत्रं होती, 1750 ते 1761 या काळातली. म्हणजे थेट पानिपतापर्यंतची, ती लढाई जगलेल्या माणसांनी लिहिलेली. राजवाड्यांनी ती लावली, वाचली आणि 1898 मध्ये छापली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालिकेचा हा पहिला खंड. पुढे असे एकूण 22 खंड निघाले.

त्या खंडाची खरी किंमत समजायला तेव्हा पानिपताबद्दल काय वाचलं जायचं ते बघा. एकीकडे ग्रँट डफचा इंग्रजी इतिहास आणि दुसरीकडे बखरी. बखर म्हणजे त्या काळचा पिरियड ड्रामाच समजा. बहुतेकदा घटना घडून गेल्यावर, ऐकीव गोष्टींवर लिहिलेली. रंगतदार, संवादांनी भरलेली, तारखांच्या बाबतीत मात्र बेभरवशाची. पत्रांचं तसं नाही. भाऊसाहेब गोविंदपंत बुंदेल्यांना लिहितात तेव्हा ते पोस्टरसाठी पोज देत नसतात. त्यांना रसद हवी असते, वसुलीचा पैसा हवा असतो, यमुना उतरायला नावा हव्या असतात. पुन्हा पुन्हा तेच तगादे. सिनेमात तलवार दिसते, पत्रांत रिकामी तिजोरी दिसते. आणि खरं सांगू? पोटात गोळा आणायची ताकद मला दुसऱ्यात जास्त वाटते.

म्हणून राजवाडे गावोगाव हिंडले. अंगावर साधे कपडे, खिशात फारसं काही नाही, स्वयंपाकही हातानं. जुन्या वाड्यांचे मालक कधी दारातूनच परत पाठवायचे. कधी कागद आधीच वाण्याकडे पुड्या बांधायला गेलेले असायचे, कधी वाळवीनं खाल्लेले. आलेला प्रत्येक नकार पचवून ते पुढच्या गावाला. इंग्रजीत लिहून नाव मिळवायचा रस्ता मोकळा होता, पण आयुष्यभर मराठीतच लिहायचं यावर ते अडून राहिले. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, त्याच्या संस्थापकांत ते होते. स्वभाव जमदग्नीचा. पुढे मंडळाशी पटेना, म्हणून तेही सोडलं.

आता तुम्हाला वाटेल, हा माणूस रोमान्सचा शत्रू असणार. तसं नव्हतं. 1902 मध्ये त्यांनी ‘कादंबरी’ नावाचा मोठा निबंध लिहिला. अद्भुतरम्य आणि वास्तववादी अशा दोन्ही तऱ्हांच्या कादंबऱ्यांचा त्यात विचार आहे. कल्पित कथा म्हणजे थापा असं मानणारा माणूस एवढी शाई खर्च करत नाही.

उलट राजवाड्यांनाही हिरो हवा असायचा. पहिल्या खंडाच्या लांबलचक प्रस्तावनेत भाऊसाहेब जवळजवळ निर्दोष ठरतात, आणि पराभवाचं माप मल्हारराव होळकर आणि गोविंदपंत यांच्या पदरात पडतं. हिरोला व्हिलन लागतोच ना! आता हे गोविंदपंत डिसेंबर 1760 मध्ये, म्हणजे पानिपतच्या शेवटच्या लढाईआधी काही आठवडे, अब्दालीच्या फौजेच्या हल्ल्यात मारले गेले होते. राजवाड्यांचा निकाल पुढच्या अभ्यासकांनी जसाच्या तसा मानला नाही. कागद कमी पडले की राजवाडे शब्दांच्या व्युत्पत्ती काढत, आणि त्यावर मोठमोठे इमले बांधत. जातींबद्दलही असंच लिहून बसायचे. कायस्थ प्रभूंविषयी त्यांनी जे लिहिलं, त्याला प्रबोधनकार ठाकऱ्यांनी 1918 मध्ये ‘कोदंडाचा टणत्कार’ हे अख्खं पुस्तक लिहून उत्तर दिलं. हे झाकून ठेवायचं कारण नाही. झाकलं तर आपणही राजवाड्यांचा बायोपिकच काढला असं होईल.

पण एक फरक राहतोच. राजवाड्यांनी आपली प्रस्तावना छापली आणि तिच्याच मागे ती सगळी पत्रंही छापली. म्हणजे त्यांना खोडून काढायचं सामान त्यांनी स्वतःच पुरवलं. त्र्यं. शं. शेजवलकरांनी 1946 मध्ये ‘पानिपत : 1761’ लिहिलं आणि तोच प्रसंग नव्यानं तपासला. सिनेमाच्या बाबतीत हा हिशेब होत नाही. ‘बाजीराव मस्तानी’तल्या पिंग्यावर पुण्यात वाद झाला. ‘पानिपत’मधल्या सूरजमलवरून राजस्थानात आंदोलन झालं आणि कात्री चालली. ‘छावा’मधला लेझीमचा प्रसंग रिलीजआधीच निघाला. प्रत्येक वेळी प्रश्न कुणाच्या भावना दुखावल्या हा होता. कागद काय म्हणतो, हे विचारायला मोर्चा निघाल्याचं मी तरी पाहिलं नाही.

राजवाड्यांचे शेवटचे दिवस धुळ्यात गेले. 31 डिसेंबर 1926 ला ते इथेच वारले. आपण थर्टीफर्स्टच्या तयारीत असतो तो दिवस. पुढच्याच वर्षी, 1927 मध्ये, धुळेकरांनी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ काढलं, आणि त्यांनी जमवलेले कागद, पोथ्या तिथे जपल्या.

जळगावहून पारोळामार्गे एसटीनं धुळ्याला जाऊन संध्याकाळी परत येता येतं. जाण्याआधी मोडीची बाराखडी तेवढी गिरवून घ्या. ती अक्षरं एकमेकांना चिकटून धावतात, पहिल्या दिवशी काही म्हणजे काही लागत नाही. दुसऱ्या आठवड्यात एखाद्या ओळीत ‘रुपये’ हा शब्द ओळखू येतो.