केशवराव जेधे
केशवराव मारुतराव जेधे (२१ एप्रिल, १८९६ – १२ नोव्हेंबर, १९५९) हे ब्राह्मणेतर चळवळीचे व संयुक्त महाराष्ट्र लढ्याचे पुण्यातील अग्रणी नेते होते. १९३०च्या सविनय कायदेभंगाच्या काळात ते काँग्रेसमध्ये आले आणि बहुजन समाजाला त्यांनी त्या पक्षाशी जोडले.

१९३४च्या निवडणुकीत ते केंद्रीय कायदेमंडळावर निवडून आले. या मंडळाची दिल्लीतील अधिवेशने १९२७मध्ये खुल्या झालेल्या, १४४ स्तंभांच्या वर्तुळाकार वास्तूत भरत. लट्येन्स व बेकर यांनी नवअभिजात शैलीत रचलेली ही वास्तू स्वातंत्र्यानंतर संसद भवन झाली. येथेच जेधे संविधान सभेचे सदस्य होते. पुढे शेतकरी कामगार पक्षाच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात त्यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या सभेत संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. १९५७मध्ये ते बारामती मतदारसंघातून, ज्यात आज दौंड विधानसभा क्षेत्र मोडते, लोकसभेवर निवडून आले. परकीय सत्तेचा विरोधक, संविधान सभेचा सदस्य आणि लोकप्रतिनिधी अशा तिन्ही नात्यांनी ते एकाच वास्तूत वावरले. मात्र खासदार असतानाच त्यांचे निधन झाले. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले.