राजाश्रय सरला, विद्या उरली

जत, मिरज, सांगली, कुरुंदवाड ही संस्थाने १९४८ साली विलीन झाली आणि गवयांचा राजाश्रयही संपला. तरीही जतसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यातील विद्यार्थी आज शुल्क भरून गायनाची परीक्षा देऊ शकतो. याचे मोठे श्रेय याच परिसरात जन्मलेल्या पं. विष्णू दिगंबर पलुसकरांना द्यावे लागेल.

त्यांचा जन्म कुरुंदवाडला १८ ऑगस्ट १८७२ रोजी झाला. बालपणी फटाक्याच्या स्फोटाने दृष्टी अधू झाली आणि शालेय शिक्षण खुंटले. पुढे मिरजेत संस्थानच्या आश्रयाने बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांनी ग्वाल्हेर गायकीची तालीम घेतली. त्या काळी या विद्येला ना ठरलेले मोल होते, ना मुदत, ना अभ्यासक्रम. शिष्याने गुरुगृही राबावे आणि गुरूच्या मर्जीने मिळेल ते कंठगत करावे, अशी रीत होती.

१८९६ साली त्यांनी मिरज सोडली. दरबारापुरते गाणे त्यांनी तिकीट लावून जाहीर सभागृहात आणले. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन झाले. नेमलेले वर्ग, छापील क्रमिक पुस्तके, स्वरलेखन आणि परीक्षा यांमुळे कुलीन घरांतील मुलामुलींनाही संगीताचे दार उघडले. १९०८ साली मुंबईत विद्यालय निघाले. परंतु शुल्क आणि देणग्या यांतून व्याप पेलला नाही. कर्ज थकले आणि तेथील इमारत हातची गेली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेतच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारले. त्याच्या परीक्षा आजही चालू आहेत.

या यशाची दुसरी बाजू मात्र विसरली जाते. विनायकबुवा पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास हे त्यांचे नामांकित शिष्य केवळ तासिकांतून घडले नाहीत. निवडक विद्यार्थ्यांना पंडितजींनी आपल्याजवळ ठेवून, निवास-भोजन देऊन, वर्षानुवर्षे शिकविले. म्हणजे गुरुकुल त्यांनी मोडले नाही. त्याचा खर्च राजाऐवजी संस्थेच्या माथी घेतला. वर्गातून जाणता श्रोता आणि सहवासातून कलावंत, अशी ही दुहेरी योजना होती.

आज पहिला भाग गावोगाव पोचला आहे. दुसरा खर्चिक म्हणून मागे पडला आहे. प्रमाणपत्र शुल्कातून मिळू शकते. गवई घडविण्याचा खर्च मात्र कोणीतरी उचलावाच लागतो. तो आता राजाने उचलायचा नसेल, तर समाजाने उचलला पाहिजे.