हाली, कलदार आणि चिंतामणराव

प्रवरासंगमाला गोदावरी ओलांडली की पूर्वी राज्य बदलत असे आणि राज्याबरोबर रुपयाही बदलत असे. अलीकडे नेवाशाच्या बाजूला इंग्रजी अमलातील अहमदनगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर, आणि त्याचा कलदार रुपया. पलीकडे कायगाव टोक्यापासून निजामाचा मुलूख आणि चारमिनारची छाप असलेला हाली सिक्का. सात हालीला सहा कलदार असा सरकारी हिशेब होता. शंभर कलदार मोजले की ११६ रुपये १० आणे ८ पै हाली हाती पडत. शेवगाव, पाथर्डी, जामखेड या सीमेवरच्या तालुक्यांत सौदा ठरवताना भावाइतकेच रुपया कोणता, हेही ठरवावे लागे.

स्वातंत्र्यानंतर हा दुहेरी हिशेब मिटत गेला, तेव्हा देशाचे अर्थखाते एका मराठी माणसाकडे होते. सर चिंतामण द्वारकानाथ देशमुख, अर्थात सी. डी. देशमुख. त्यांच्यापुढे त्याच सुमारास दोन रुपयांचा आणखी एक तंटा होता आणि तो हालीपेक्षा कितीतरी अवघड होता.

देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगडाच्या परिसरातील नाते या गावी झाला. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. केंब्रिजला त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला, १९१८ मध्ये आय.सी.एस. परीक्षेतही पहिला क्रमांक पटकावला. मध्य प्रांत व वऱ्हाडातील नोकरीनंतर १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पंडित नेहरू त्या वेळी नगरच्या भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध होते. इंग्रज सरकारने नेमलेल्या या अधिकाऱ्याला पुढे सात वर्षांनी नेहरूंनीच अर्थमंत्री केले.

फाळणी झाली तरी चलनाची वाटणी लगेच झाली नाही. ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँक हीच पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक होती. नाशिकच्या छापखान्यात भारतीय नोटांवर पाकिस्तान सरकारची अक्षरे छापली जात आणि त्या नोटा तिकडे चालत. एकमेकांशी युद्ध करणाऱ्या दोन देशांचे पैसे एकाच बँकेने सांभाळायचे, हे काम गव्हर्नर म्हणून देशमुखांच्या वाट्याला आले. १ जुलै १९४८ पासून पाकिस्तानची स्टेट बँक सुरू झाली. तरीही दोन्ही रुपयांचा दर सारखाच राहिला, शंभराला शंभर.

सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले. भारताने त्याच प्रमाणात, म्हणजे ३०.५ टक्क्यांनी, रुपया उतरविला. डॉलरला ३ रुपये ३१ पैशांच्या आसपास असलेला दर ४ रुपये ७६ पैशांवर गेला. (पैशांतला हा हिशेब आजच्या वाचकांच्या सोयीसाठी, तेव्हा आणे-पै चालत होते.) पाकिस्तानने मात्र आपला रुपया जागचा हलविला नाही. त्यामुळे शंभर पाकिस्तानी रुपयांना १४४ भारतीय रुपये मोजण्याची वेळ आली.

ही केवळ प्रतिष्ठेची गोष्ट नव्हती. कच्च्या तागाचे बहुतेक पीक पूर्व बंगालात आणि तागाच्या गिरण्या मात्र हुगळीच्या काठी, अशी फाळणीनंतरची स्थिती होती. शंभर रुपयांचा ताग एका रात्रीत ४४ रुपयांनी महाग झाला. भारताने नवा दर मान्य करण्यास नकार दिला, व्यापार ठप्प झाला आणि डिसेंबरात पाकिस्तानला जाणारा कोळसाही थांबला. इकडे गिरण्यांना ताग नाही, तिकडे तागाला हक्काचे गिऱ्हाईक नाही.

जॉन मथाई यांच्या राजीनाम्यानंतर १९५० च्या जूनमध्ये देशमुख अर्थमंत्री झाले आणि त्याच महिन्यात कोरियाचे युद्ध पेटले. जगभर ताग आणि कापसाचे भाव वाढले. पाकिस्तानची मिळकत वाढली आणि त्याचा रुपया आपोआप कोसळेल, ही दिल्लीची आशा मावळली. अखेर फेब्रुवारी १९५१ च्या व्यापारी करारात भारताने १४४ चा दर मान्य केला. दीड वर्षे नाकारलेला दर स्वीकारणे म्हणजे माघारच होती. परंतु आपला रुपया तोलून पाहण्याची देशमुखांची रीत हिशेबनिसाची होती. रोज नुकसान सोसून अभिमान जपण्यापेक्षा त्यांनी कमी नुकसानीचा मार्ग पत्करला. प्रस्तुत लेखकाला तरी यात धाडस दिसते.

कोरियन युद्धाची तेजी ओसरल्यावर पाकिस्तानलाही आपला महाग रुपया पेलेना. जुलै १९५५ च्या अखेरीस त्याने अवमूल्यन केले आणि दोन्ही रुपये पुन्हा शंभराला शंभर झाले. देशमुख तेव्हा अर्थमंत्रीच होते.

हालीचे प्रकरण त्यामानाने शांतपणे उरकले. १९५० मध्ये हैदराबादेत भारतीय रुपया हालीच्या जोडीने सुरू झाला, सात-सहाचा दर तसाच ठेवला गेला आणि १९५१ मध्ये नवा हाली काढणे थांबले. लोकांच्या गाठीची नाणी मात्र एका हुकुमाने बाद केली नाहीत. हाली पूर्णपणे रद्द व्हायला १९५९ उजाडले.

तोपर्यंत देशमुख मंत्रिपदावर नव्हते. मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या धोरणाच्या निषेधार्थ त्यांनी जुलै १९५६ मध्ये राजीनामा दिला होता. मराठी वाचकांच्या स्मरणात ते राहिले ते बहुधा या राजीनाम्यामुळेच. १४४ चा आकडा कोणाला फारसा आठवत नाही. पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. त्या शहराचा हाली सिक्का रद्द होऊन तेव्हा तेवीस वर्षे झाली होती.