दादासाहेब फाळके आणि त्यांच्या घरचा बाळकृष्ण

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत तुम्हीही काहीतरी लिहाच, असा आग्रह अध्यक्षबाईंनी धरला तेव्हा मी गांगरूनच गेले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढे चूल, मूल आणि सासूबाईंची सेवा यांतच वीस-बावीस वर्षे गेली. एखादी पाककृती लिहून द्यावी, असे मनाशी ठरविले होते. पण गेल्या गोकुळाष्टमीला आमच्या घरी एक गोष्ट घडली आणि तिच्यापायी एका थोर पुरुषाचे चरित्र मी वाचनालयातून आणून वाचले. तेच माझ्या ओबडधोबड शब्दांत आपल्यापुढे ठेवीत आहे.

त्या दिवशी शेजारच्या चार-पाच जणी फराळाला आमच्याकडे जमल्या होत्या. मुलाने टीव्हीवर इंटरनेटवरून एक जुना चित्रपट लावला. नाव ‘कालिया मर्दन’, साल १९१९. आवाज नाही, रंग नाही, मधून मधून अक्षरांच्या पाट्या. आम्ही आपल्या बोलत होतो. इतक्यात पडद्यावरचा बाळकृष्ण रात्रीचा एका धनिकाच्या घरात शिरला आणि झोपलेल्या यजमानाची दाढी त्याने त्याच्या बायकोच्या केसांना बांधून टाकली! दुखण्याने सहा महिने अंथरुणाला खिळलेल्या आमच्या सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. शंभर वर्षांपूर्वीची ती थट्टा आमच्या घरात आनंद देऊन गेली. ती करणारा माणूस कोण, हे जाणून घ्यावेसे वाटले ते तेव्हा.

आपल्या नगरकरांना पडद्यावरचा कृष्ण म्हटले की शाहू मोडक आठवतात. आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले असले तरी शाहू मोडक नगरचेच, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांचा जन्म १९१८ चा. ते पाळण्यात होते तेव्हाच एक सात वर्षांची मुलगी पडद्यावर कृष्ण झाली होती. तिचे नाव मंदाकिनी आणि तिचे वडील म्हणजेच दादासाहेब फाळके.

दादासाहेबांचे मूळ नाव धुंडिराज गोविंद फाळके. जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी, एका विद्वान शास्त्र्यांच्या घरी. मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी शिक्षण घेतले. गोध्र्यास छायाचित्रांचे दुकान काढले, तेथे प्लेगने पहिली पत्नी व मूल दोघेही गेली. पुढे १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नीचे नाव सरस्वतीबाई. दादासाहेबांनी पुराणवस्तू खात्यात नोकरी केली, स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत ती सोडली, छापखाना काढला आणि भागीदारांशी न पटल्याने तोही सोडला.

अशा रिकामपणी, चाळिशी उलटल्यावर, १९११ साली मुंबईत गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. आपले राम-कृष्ण असे पडद्यावर का दिसू नयेत, हा एकच विचार त्यांच्या डोक्यात बसला. दुसऱ्याच दिवशी ते सरस्वतीबाईंनाही तो खेळ दाखवायला घेऊन गेले. अभ्यासाच्या अतिरेकाने त्यांची दृष्टी काही काळ गेली होती, ती उपचारांनी परत आली. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, थोड्याच दिवसांत कला शिकून आले आणि यंत्रे मागविली. आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. त्याला अंकुर फुटून वेल वाढेपर्यंत रोज थोडे थोडे चित्र घेतले. वेल डोळ्यांदेखत वाढताना पाहून लोकांचा विश्वास बसला आणि भांडवल मिळाले.

भगिनींनो, आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट सांगते. त्या वेळची कोरी फिल्म कडेची भोके न पाडलेली येई. ती भोके अंधारात पाडावी लागत, कारण उजेड लागला की फिल्म वाया जाई. हे काम सरस्वतीबाई रात्री करीत. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, चित्रीकरणाच्या वेळी उन्हाचा प्रकाश नटांवर पाडण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उभे राहणे, रात्री फिल्म धुणे, आणि पदरी लहान मुले! अंगावरचे दागिनेही त्यांनी काढून दिले. अशा रीतीने ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्या काळी कोणी स्त्री चित्रपटात काम करावयास तयार होईना, म्हणून एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले आणि फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. सरस्वतीबाईंचे नाव मात्र पडद्यावर आले नाही.

पुढे दादासाहेबांनी बिऱ्हाड नाशिकला नेले. पौराणिक कथांबरोबर त्यांना विनोदाचीही गोडी होती. अमेरिकेत चार्ली चॅप्लिन पडद्यावर आला १९१४ साली. त्याच सुमारास दादासाहेबांनी ‘पिठाचे पंजे’ नावाचा छोटा विनोदी चित्रपट काढला होता. १९१७ साली ‘लंका दहन’ला लोकांनी तोबा गर्दी केली. १९१८ साली ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि पुढल्या वर्षी ‘कालिया मर्दन’ आला. दोन्हींत मंदाकिनी कृष्ण झाली. लोणी चोरणारा, खोड्या काढणारा तो कृष्ण घरचेच मूल असल्याने इतका मोकळा वाटतो, असे मला वाटते.

परंतु दैव फिरले. भागीदारांशी बिनसले, दादासाहेब काही काळ काशीला जाऊन राहिले. परत आले, पण १९३१ साली बोलपट आला आणि मूकपटांचा जमाना संपला. ‘गंगावतरण’ हा एकच बोलपट त्यांनी १९३७ साली काढला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले, तेव्हा चित्रपटसृष्टी त्यांना जवळजवळ विसरली होती. १९६९ पासून त्यांच्या नावाने सरकारचा मोठा पुरस्कार देण्यात येतो, तो त्यांना पाहता आला नाही.

माणूस गेला तशी त्यांची चित्रेही गेली. ती जुनी फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी. उन्हाळ्यात, दमट हवेत ती चिकट होते आणि शेवटी तिचा भुगा होतो. शिवाय तिच्यात चांदीचा अंश असे. बोलपट आल्यावर मूकपट कोणाला नकोसे झाले, तेव्हा लोकांनी रिळे मोडीत काढून चांदी काढली आणि उरलेल्या पट्ट्यांच्या बांगड्या झाल्या! न जाणो, आपल्या कोणा आजीच्या हातात एखाद्या चित्रपटाचीच बांगडी असेल. देशात तेराशेहून अधिक मूकपट निघाले, त्यांतले पुरे-अपुरे मिळून तीसेकच उरले.

१९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले. तेथील पी. के. नायर या गृहस्थांनी गावोगाव हिंडून जुनी रिळे जमविली. फाळके कुटुंबाकडे राहिलेल्या तुकड्यांतून ‘कालिया मर्दन’चा बराचसा भाग हाती लागला. असे तुकडे साफ करायचे, फाटलेली भोके दुरुस्त करायची, कथेच्या ओघाने क्रम लावायचा आणि न पेटणाऱ्या नव्या फिल्मवर नक्कल काढायची, असे हे गोधडी शिवण्यासारखे चिकाटीचे काम. शिवाय मूकपटाची चित्रे आजच्यापेक्षा कमी वेगाने घेतलेली असत. ती आजच्या वेगाने फिरविली तर माणसे तुरुतुरु धावतात, म्हणून वेगही सांभाळावा लागतो. एवढे सगळे झाले, तेव्हा कुठे आमच्या सासूबाई त्या दिवशी हसल्या.

आता माझी कबुली. हे सारे वाचल्यावर मला माझ्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आठवली. माझे वडील त्यानंतर दोनच वर्षांनी गेले. त्यांचे चालते-बोलते चित्र त्या कॅसेटखेरीज कोठेही नाही. ती मी स्वयंपाकघराच्या माळ्यावर, जुन्या भांड्यांच्या खोक्यात टाकून ठेवली होती. काढून पाहते तो आतल्या फितीला पांढरी बुरशी! एका जाणकाराने ती महिनाभर खपून स्वच्छ केली आणि तीन तासांतली अकरा मिनिटे वाचविली. त्यांत वडील दोनदा दिसतात. एकदा ते वऱ्हाडाला वाढताहेत, आणि एकदा कोणीतरी काही बोलल्यावर मान मागे टाकून हसताहेत. बाकीचे गेले, आणि ते माझ्याच हलगर्जीपणाने गेले. दुसऱ्या कोणाला दोष देता येत नाही.

म्हणून या वर्धापनदिनी माझी एक विनंती आहे. प्रत्येकीने घरातले जुने फोटो, कॅसेटी, ध्वनिफिती माळ्यावरून खाली काढाव्यात. कोरड्या कपड्याने पुसून, मागे नाव व साल लिहून, दमटपणा नसलेल्या जागी ठेवाव्यात आणि त्यांच्या दोन-दोन नकला करून घ्याव्यात. पुढच्या हळदीकुंकवाला मंडळात ‘कालिया मर्दन’ सगळ्याजणी मिळून पाहू. पाऊण तासाचा खेळ आहे, सासूबाईंनाही उचलून आणीन म्हणते. दाढी बांधण्याचा प्रसंग आला की खुशाल हसा, पण ज्या सरस्वतीबाई रात्री जागून अंधारात फिल्मला भोके पाडीत असत, त्यांचीही आठवण ठेवा.