भंगारातली कासवं

रोबोवॉर्स म्हटलं की आपण आधी वर्गणी काढतो, मग सेन्सर्सची ही लांबलचक यादी! अशांनी ग्रे वॉल्टरला भेटायलाच हवं.

जन्म १९१०, अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत. शिक्षण केंब्रिजला. १९३९ पासून ब्रिस्टलच्या बर्डन इन्स्टिट्यूटमध्ये मेंदूच्या लहरींवर संशोधन. म्हणजे मोटर-गिअरवाला माणूसच नव्हे. तरी १९४८-४९ मध्ये पठ्ठ्याने एल्मर आणि एल्सी ही दोन चालती कासवं बनवली. सामान? युद्धातून उरलेले सुटे भाग, जुन्या घड्याळांची आणि गॅस मीटरची दातेरी चाकं. दोन व्हॉल्व्ह, दोन रिले, दोन मोटर, फोटोसेल एकच.

खरी गंमत निवडीत आहे. फोटोसेल त्याने स्टिअरिंगच्या दांड्यावरच बसवला. चाक वळलं की तोही फिरायचा, दुसरा सेन्सर लागलाच नाही. वरचं कवच हाच धडकेचा स्विच. बॅटरी उतरली की अ‍ॅम्प्लिफायर मंदावायचा, मग एरवी टाळलेल्या प्रखर दिव्याकडे कासव आपसूक चार्जिंगला जायचं. वेगळं सर्किट शून्य!

तंत्रज्ञ वॉरनने बांधलेली सुधारित कासवं १९५१ च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनमध्ये लोकांनी पाहिली. १९७० मध्ये स्कूटरच्या अपघातात वॉल्टरच्या नेमका मेंदूलाच मार बसला. त्यातून तो पूर्ण सावरला नाही, १९७७ मध्ये गेला. त्याचं एक कासव लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.